पहिल्या तोड्याचा वानोळा

आमच्या मळ्यातला पहिला तोडा कधी बाजार पाहत नसे. वांगी असोत, गवार असो की ढेमसे, पहिल्यांदा जे तुटेल ते आधी देवापुढे ठेवायचं, मग शेजारीपाजारी आणि सोयऱ्यांकडे वानोळा म्हणून पाठवायचं, आणि त्यातून उरलं तर आमच्या चुलीवर. मंगरूळच्या बाजारात जायचा तो दुसरा तोडा. वानोळ्याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण बाबांना ते सरकारी कायद्यापेक्षा पक्के वाटायचे. ज्याच्या घरी वानोळा नेला, त्याच्याकडे त्याच पावली काही मागायचं नाही. "देऊन मांगलं तं तो वानोळा कायचा, तो सौदा झाला," असं ते म्हणत. आणि घेणाराही पिशवी रिकामी परत करत नसे. मूठभर तुरीची डाळ, दोनचार आंबे, काहीच नसलं तर गुळाचा खडा तरी पिशवीच्या तळाशी पडायचाच. आमची ती पिशवी खताच्या पोत्याची शिवलेली होती. मायनं तिला जुन्या लुगड्याच्या काठाचे बंद लावले होते, आणि सारं गाव तिला ओळखत असे.

हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या शाळेची गोष्ट सांगायला लागले की ऐकणारे मध्येच थांबवून विचारतात, "मग तुझ्या वडिलांनी सरळ सांगितलं का नाही?" ज्यांच्या घरून कधी वानोळा गेला नाही त्यांना ते समजावणं कठीण आहे. मला स्वतःला समजायला बराच काळ लागला, आणि समजल्यावरही राग काही गेला नाही. आता पन्नाशी आली, गुडघे बोलायला लागले, बाबांना जाऊनही पुष्कळ दिवस झाले, तरी ढेमशांची भाजी पानात आली की तो राग थोडासा वर येतो. मग मी भाजी संपवते आणि ताट उचलते.

आमचा मळा आसेगावच्या शिवारात, गावाला लागूनच होता. पहाटे विहिरीवरचं इंजिन फटफटायला लागलं की घर जागं व्हायचं. आधी इंजिन, मग मायच्या हातच्या भाकरीचा थपथपाट, मग ताई सांबाराच्या जुड्या पाण्यात बुचकळून झटकायची तो आवाज. सांबार म्हणजे कोथिंबीर, पण आमच्याकडे कोथिंबीर म्हटलं तर लोक पाहत राहायचे. न्याहारीला ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि वर तेलाची धार. ताई माझ्याहून मोठी, भाऊ धाकटे. गावातली शाळा सातवीपर्यंत होती, आणि पुढे तालुक्याला, मंगरूळला, पोरीला रोज बसनं पाठवणं म्हणजे गावाला बोलायला विषय देणं. म्हणून सातवी झाली तशी तिनं खुरपं हातात घेतलं. कोणी तिला घे म्हटलं नाही आणि ठेव असंही म्हटलं नाही. वाफ्यात तिच्या मागे बसून निंदताना मी तिची पाठ पाहायची, आणि दोन वर्षांनी ती पाठ माझी असणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यातून सुटायची एकच वाट आमच्या शाळेतल्या गुरुजींनी आणली. पाचवीच्या पोरांसाठी एक परीक्षा होती. ती पास झालं की वाशीमच्या बाजूला असलेल्या सरकारी निवासी शाळेत सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सरकारचं. पण तालुक्यातून मोजकीच पोरं घ्यायचे, आणि पोरी त्याहून मोजक्या. गुरुजी सकाळी सांबार न्यायला मळ्यात यायचे आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून मला आकृत्या शिकवायचे. चार आकृत्यांतली वेगळी कोणती, पाचवी कशी असेल, आरशात कशी दिसेल. मायला अक्षर ओळखता येत नसे, पण हा खेळ तिला फार आवडला. माल निवडताना ती चार वांगी माझ्यासमोर मांडायची आणि विचारायची, "सांग बरं, यातलं येगळं कोणतं?" किडकं असेल ते मी उचलायची. "झाली पोरगी पास," म्हणून माय ते किडकं गाईकडे फेकायची.

निकाल गुरुजींनीच आणला. उन्हाळा संपत आला होता आणि आम्ही सगळे गवारीत होतो. गुरुजी सायकलवरून उतरले, पण सायकल उभी न करता हातातच धरून उभे राहिले. बाबांनी विचारलं, "लागली का?" गुरुजी म्हणाले, "लागली बी अन् नाही बी. पोरींच्या जागा भरल्या. आपल्या संगीचं नाव खालच्या यादीत हाय, पण सगळ्यात वरतं. वरच्यातली आपल्या तालुक्याची एक जरी पोरगी गेली नाही, तं संगी गेलीच समजा." माय घरात जाऊन साखरेचा डबा घेऊन आली आणि तो छातीशी धरून उभीच राहिली. वाटायची की नाही, हे तिला कोणी सांगेना. शेवटी तिनं झाकण न उघडताच डबा परत नेला.

मी पुढे शिकले, पण उशिरा, लग्नानंतर, बाहेरून परीक्षा देत देत, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई झाले. आता तो निकाल मोबाइलवर येतो. यंदाही आला. आमच्या वर्गातल्या एका पोराची आई संध्याकाळी माझ्या दारात आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, वेटिंगले हाय म्हणजे लागलं का नाही लागलं? ह्याचे पप्पा फोनवर विचारून राह्यले, काय सांगू?" मी तिला आत बोलावलं, चहा केला. तिनं चहा घेतला नाही. इतकी वर्षं त्या निकालाच्या आसपास वावरूनही मला ते उत्तर येत नाही.

खालच्या यादीत असणं म्हणजे दुसऱ्याच्या घराकडे डोळे लावून बसणं. थोड्याच दिवसांत गुरुजींनी बातमी आणली की कारंजा रस्त्याला, आपल्याच तालुक्याच्या टोकावरच्या एका गावात प्रतिभा नावाची पोरगी निवडली गेली आहे. बाप पाठवायला तयार आहे, पण माय अडून बसली आहे. एवढी लहान पोर परक्या ठिकाणी एकटी ठेवणार नाही म्हणते. त्या दिवसापासून ती कधी न पाहिलेली बाई आमच्या घरात राहायला आली. जेवताना तिचं नाव, झोपताना तिचं नाव. बाबा म्हणायचे, "माय आहे ती, नाही सोडाची." ताई म्हणायची, "बापानं जोर केला तं?" माय देवापुढे बसायची, पण मागायचं काय ते तिला कळत नव्हतं. दुसऱ्या मायच्या पोरीची शाळा जाऊ दे असं देवाला म्हणायचं तरी कसं? ती नुसते हात जोडून म्हणायची, "तुले समजते," आणि उठायची.

शेवटी तिलाच राहवलं नाही. "एकदा जाऊन तं पाहा," ती बाबांना म्हणाली. "पाठवून राह्यले का नाही, येवढंच इचारा. आपली हकिगत सांगा. सांगाले काय लागते?" बाबा दुसऱ्या दिवशी निघाले आणि मला सोबत घेतलं. नेमका त्याच सकाळी ढेमशांचा पहिला तोडा निघाला होता. कोवळे, बारीक लव असलेले, हिरवेगार. मायनं त्यातले निवडून निवडून पिशवीत भरले. बाबा पिशवीकडे पाहत राहिले. "हे नेलं तं मले बोलता नाही येणार," ते म्हणाले. माय म्हणाली, "मंग पह्यल्यांदा कोणाच्या दारात रिकाम्या हातानं जाता का?" तेही बाबांना जमणारं नव्हतं. दोघं पिशवीच्या दोन बाजूंना उभी राहिली, आणि मग बाबांनी ती उचलली.

प्रतिभाचं घर शेतकऱ्याचं, अंगणात बैलगाडी, भिंतीला टेकवलेली टिकाव-फावडी. तिचे वडील वावरात गेले होते. तिची आई पाटावर शेवया मोडत बसली होती. उंच, किडकिडीत, आणि डोळ्यांखाली न झोपल्याची काळी वर्तुळं. "कोठून आले भाऊ?" तिनं विचारलं. बाबांनी आसेगाव सांगितलं, मळा आहे म्हणाले आणि पिशवी तिच्यापुढे ठेवली. "पह्यला तोडा आहे. घ्या." तिनं एक ढेमसं हातात घेऊन नखानं हळूच दाबून पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच काही आवडल्यासारखी तिची मुद्रा झाली. तेवढ्यात आतून प्रतिभा आली, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली, "आई, हे तेच पोरगी! परीक्षेत माह्या मांगच्या बाकावर होती. माही पेन्सिल तुटली तं इनंच देल्ली." ते खरंच होतं. मी तिला ओळखलं नव्हतं, तिनं मात्र मला ओळखलं.

तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि तिला जे हवं होतं ते तिनं आपोआप जुळवून घेतलं. "म्हणजे ही बी चालली संगं," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. "मले वाटे माहीच एकली. मी नाहीच म्हणून बसली होती भाऊ. येवढूशी पोर, रातच्याले भेव वाटलं तं कोणाले हाक मारीन? आता दोघी असतीन तं झोपतीन एकीजवळ एक." तिचे डोळे भरून आले. बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहत होते, त्यांनी नक्की उघडलं. पण खरं सांगायचं तर आपण आलो कशाला तेही सांगावं लागलं असतं, आणि ढेमसे तर तिच्या मांडीवर होते. ती उठली. "बसा, रस काढते. असे नाही जाचं," म्हणाली आणि आत गेली.

त्या घरचा आंब्याचा रस आणि शेवया मी जन्मात विसरणार नाही. रसात तूप होतं, वर सुंठ. बाबा ताटाकडे पाहून जेवत होते. ती वाढत होती, आणि वाढता वाढता पोरींनी काय काय न्यायचं ते सांगत होती. कंगवा एकच पुरे, पण रिबिनी दोघींच्या वेगळ्या हव्यात. जेवण झाल्यावर प्रतिभानं मला तिची नवी पत्र्याची पेटी दाखवली. झाकणावर पेंटरकडून तिचं नाव लिहून आणलं होतं. "तुही कोणत्या रंगाची आहे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "अजून घेतली नाही." मी खोटं बोलले नाही. बाबाही दिवसभरात एक शब्द खोटं बोलले नाहीत. निघताना तिच्या आईनं पिशवीत गावरान आंबे भरले आणि म्हणाली, "तुमी देवासारखे आले भाऊ."

घरी माय दारातच उभी होती. बाबांनी पिशवी तिच्या हातात दिली. "पाठवून राह्यले," ते म्हणाले. "काहून? ते तं नाही म्हणत होती न?" "आपली संगी संगं आहे म्हणून." माय खाली बसली. "अन् तुमी काय म्हटलं?" बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली. "मी रस खाल्ला त्याईचा," ते म्हणाले. माय उठली आणि पिशवीतले आंबे पडवीत मांडायला लागली. ते ढेमसे तिनंच तर पिशवीत भरले होते.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं फारसं नाही. गुरुजींनी बाबांना परोपरीनं समजावलं की आताही जाऊन खरं सांगा, त्यात पाप नाही. बाबा हो म्हणायचे, धोतर बदलायचे, फाट्यावर जायचे आणि बस निघून गेल्यावर परत यायचे. आंबे पडवीत पिकत होते, घरभर वास सुटला होता, आणि एरवी आंब्यावर तुटून पडणारे माझे भाऊ कोणी न सांगताही एकाही आंब्याला हात लावत नव्हते. मग तिकडून निरोप आला. पोरींना पोचवायच्या दिवशी मंगरूळच्या स्टँडवर भेटू, सकाळच्या वाशीम बसला दोघी सोबत बसतील. आता जाणं चुकणार नव्हतं. माय त्या दिवशी पहाटे उठली आणि तिनं माझे दोन फ्रॉक धुऊन घडी करून त्याच पिशवीत भरले. यादी, पत्र, मुदत यांतलं तिला काही कळत नव्हतं. "काय सांगावं," ती ताईला म्हणाली, "ऐनवेळी त्या मायनं पोर उतरवली तं?"

स्टँडवर बस लागलेली होती. प्रतिभा आणि तिचे वडील आत बसले होते आणि शेजारच्या जागेवर तिनं आपला रुमाल टाकला होता. मला पाहताच ती खिडकीतून म्हणाली, "ये न, तुह्यासाठी धरली." मग माझ्या हातांकडे पाहून तिनं विचारलं, "तुही पेटी कोठी आहे?" तिची आई खाली उभी होती, हातात दोन सारखे डबे. "रव्याचे लाडू केले," ती बाबांना म्हणाली. "एक इचा, एक तुमच्या संगीचा. भांडण नको." तेव्हा बाबा बोलले. खाली मान घालून, पण बोलले. "बाई, आमच्या पोरीचं नाव खालच्या यादीत आहे. ते नाही चालली. तुमची नसती गेली, तं हे गेली असती. तेच इचाराले आलो होतो त्या दिवशी." तिनं डबे छातीशी धरले. "मंग तवाच काहून नाही सांगतलं?" "वानोळा घेऊन आलो होतो न बाई," बाबा म्हणाले. "तसं कसं बोलू?"

तीही त्याच मातीतली. तिनं पुन्हा काहून म्हणून विचारलं नाही. पण ती एकदम बसच्या पायरीवर चढली. "प्रतिभा, उतर खाली. एकली नाही जाचं." प्रतिभानं खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला. तिचे वडील दबक्या आवाजात म्हणाले, "आता तमाशा नको करू." ती ऐकेना. तिनं पेटीची कडी धरून ती दाराकडे ओढली. कंडक्टर म्हणाला, "बाई, काय ते लवकर करा." मी खाली उभी होते आणि मनात एकच शब्द होता, उतर. जगात मला दुसरं काही नको होतं. पेटी पायरीपर्यंत आली होती. तेव्हा माझे बाबा, ज्यांना त्या घरी एक वाक्य बोलता आलं नव्हतं, ते पुढे झाले आणि त्यांनी पेटीवर हात ठेवला. "जाऊ द्या बाई," ते म्हणाले. "पेटी भरली आहे तिची. पोर तयार झाली आहे. जाऊ द्या." आणि त्यांनीच ती पेटी उचलून आत सरकवली.

मी बाबांचा इतका द्वेष त्याआधी केला नव्हता आणि नंतरही नाही. बस निघाली. प्रतिभा मला हात करत होती की आईला ते कळलं नाही. रुमाल अजून तिच्या शेजारच्या जागेवर होता. तिची आई तोंडाला पदर लावून रडत होती, आणि बाबा माझ्या फ्रॉकांची पिशवी धरून तिच्याजवळ उभे होते. तिला घरी जा असं आम्हाला म्हणवेना, आणि तिथून निघवेनाही. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि त्यातला एक डबा माझ्या हातात दिला. मी घेतला नाही तर तिनं माझी बोटं त्याभोवती मिटली. "तुह्याच नावाचे केले, पोरी," ती म्हणाली.

लाडू भावांनी खाल्ले. मी खाणार नाही म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा उरलेला खाल्ला. चांगला होता, आणि त्याचंच मला रडू आलं. यादी बंद होईपर्यंत गुरुजी चौकशी करत राहिले, पण दुसरी कुठली पोरगी मागे राहिली नाही. मी गावच्याच शाळेत सहावीत बसले, सातवी केली, आणि मग ताईच्या शेजारच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसले.

मायनं तो डबा घासून ओट्यावर पालथा घातला होता. काकडीचा पहिला तोडा निघाला तशी ती बाबांना म्हणाली, "डबा नेऊन द्याचा आहे त्याईचा." रिकामा द्यायचा नव्हताच. बाबा काकड्या घेऊन गेले आणि तुरीची डाळ घेऊन आले, डाळीसोबत प्रतिभाची खबर घेऊन आले. मग दर हंगामाला तसंच चाललं. पिशवी इकडून भरून जायची आणि तिकडून भरून यायची. प्रतिभा इंग्रजीतून बोलते, प्रतिभा पळण्यात पहिली आली, प्रतिभाला चष्मा लागला. बाबा हे सगळं जेवताना सांगायचे, माझ्याकडे न पाहता. वांगी गेली, गवार गेली, चवळी गेली. ढेमसे मात्र त्या वर्षानंतर बाबांनी आमच्या मळ्यात कधी लावले नाहीत. बाजारात त्यांना भाव चांगला असायचा, लोक विचारायचे, आणि बाबा म्हणायचे, "आपल्या जमिनीले मानवत नाही."